तुरुंगवाल्या वत्सूमावशी

वत्सूमावशी टिपणिसांनी पहिल्या भेटीत मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "किती झाली होती?"

मी त्यांच्या दारात उभा होतो. एका हातात ट्रंक, काखेत वळकटी. गिरगावात मामांच्या बिऱ्हाडात चार वर्षं काढून आणि मामीच्या नजरेला कंटाळून मी मुलुंडला खोली बघायला आलो होतो. मला वाटलं, आधीच्या जागी किती वर्षं झाली होती असं बाई विचारतायत. मी म्हटलं, "चार."

"चेहऱ्यावरून वाटत नाही," त्या म्हणाल्या. "सगळी काढलीस, की मधेच सुटलास?"

"मधेच सुटणार कसा? जायचं कुठं? शेवटी मामीनंच सांगितलं, आता बघ बाबा दुसरीकडे."

'मामी' ऐकून त्यांच्या कपाळावर एक आठी पडली, पण ती लगेच गेली. "बरं. भोगून झालंय ना? मग पाट घे."

इतक्या आपुलकीनं मला मुंबईत कुणी पाट दिला नव्हता. समोर केळीचं पान आलं, त्यावर वाफाळता भात आणि वालाचं बिरडं आलं. शेजारच्या पाटावर भरघोस मिशांचा एक धिप्पाड माणूस खाली मान घालून जेवत होता. त्यानं दोन घास गिळले आणि हळूच विचारलं, "कुठं होतास? येरवड्याला?"

"नाही, गिरगावात."

तो विचारात पडला. "तिथं नवीन काढलाय का?"

"काय?"

"तुरुंग."

माझा हात पानावरच थांबला. मावशी भात घेऊन आल्या आणि शेजाऱ्याची करून द्यावी तशी त्यांनी त्याची ओळख करून दिली. "हा आमचा गणपत. यानं मेव्हण्याला मारलं. गणपत, त्याला ताक वाढ रे."

गणपतनं मला ताक वाढलं. मी ते प्यालो. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

खरा प्रकार कळला तेव्हा मावशी माझ्यापेक्षा जास्त गोंधळल्या. "म्हणजे तू आत गेलेलाच नाहीस?" त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती. पण जेवलेल्या माणसाला बाहेर काढणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, त्यामुळे पुढची खोली मला मिळाली. मी ती का घेतली, असं मला पुढं पुष्कळांनी विचारलं. मुंबईत जागा शोधलेल्या माणसानं मात्र कधीच विचारलं नाही.

मावशी तेव्हा पंचावन्नच्या पुढे असतील. ठेंगण्या, हडकुळ्या, फिकट लुगडं, चष्मा आणि बाराही महिने हातात पुरुषी काळी छत्री. आवाज मात्र अंगाच्या तिप्पट. पाच रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांनी कोथिंबिरीचा भाव केला, तर तो स्टेशनवरच्या माणसाला कळायचा. त्यांचे यजमान ठाण्याच्या तुरुंगातल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सुटणाऱ्या कैद्याला बाहेर कुणी नसेल, तर टिपणीस त्याला म्हणायचे, "आधी माझ्या घरी जेव, मग कुठं जायचं ते ठरव." ते गेले आणि त्यांचा दहावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. "साहेबांनी सांगितलं होतं, सुटलास की घरी ये." मावशींनी त्याला सांगितलं नाही की साहेब नाहीत. आधी त्याला जेवू घातलं, मग सांगितलं. तो माणूस पानावर बसूनच रडला, आणि मावशी म्हणतात, तोवर त्या स्वतः रडल्या नव्हत्या.

त्यानंतर त्या स्वतःच जायला लागल्या. सकाळी ठाण्याला जाऊन तुरुंगाच्या दारासमोर छत्री टेकून उभ्या राहायच्या. कुणाला घ्यायला बायको यायची, कुणाला भाऊ, दारूबंदीत सापडलेल्यांना घ्यायला तर त्यांचे भागीदार यायचे. सगळे गेले की गाठोडं घेऊन एखादा उरायचा, आणि डावीकडे जायचं की उजवीकडे हे त्याला कळत नसायचं. "ज्याला घ्यायला कुणी आलं नाही, तो माझा," असा मावशींचा हिशेब होता.

या हिशेबात एकदा गफलत झाली. एका हताश दिसणाऱ्या माणसाला त्यांनी दंडाला धरून घरी आणलं, आंघोळीला पाणी दिलं, पोटभर वाढलं आणि "आता नव्यानं सुरुवात कर" असा उपदेशही केला. पान उचलताना तो म्हणाला, "बाई, मी तुरुंगाला भाजी पुरवतो. आज बिल पास झालं नाही म्हणून उभा होतो." मावशींना वाईट वाटलं नाही. तो मात्र पुढं दर पंधरवड्याला हताश चेहरा करून यायला लागला. बिरडं होतंच तसं.

त्यांच्या घरातली व्यवस्था सरळ माणसाला धक्का देणारी होती. घराला कुलूप नव्हतं. "कुलूप दिसलं की त्यांना वाटतं आपल्याचसाठी लावलंय," असं त्यांचं म्हणणं. एका घरफोड्याला मात्र हे अजिबात आवडलं नाही. चार घरं फोडून सजा भोगलेला तो माणूस मावशींवर रोज करवादायचा, "मावशी, हे बिनकडीचं दार म्हणजे चोराला आमंत्रण आहे. आमच्यातली माणसं तुम्हाला माहीत नाहीत." शेवटी जाताना तो मागच्या दाराला भक्कम अडसर बसवून गेला. मावशींनी त्या अडसरावर ओली फडकी वाळत घातली.

शिक्षांबद्दल त्या अशा बोलायच्या, जशा इतर बायका मुलांच्या परीक्षांबद्दल बोलतात. "सात वर्षांचा आहे, पण स्वभावानं गरीब." "तो दोन महिन्यांवाला फार आगाऊ हो. थोडकी शिक्षा माणसाला चढते. जन्मठेपेची माणसं बघावीत, किती शांत." घरच्या सत्यनारायणाला मी एकदाच बसलो. प्रसाद घ्यायला आलेल्या शेजारणींना त्या घरातल्या प्रत्येकाची ओळख करून देत होत्या, गुन्ह्यासकट. कथा संपायच्या आत अर्ध्या बायका द्रोण पदराखाली घेऊन, पोरांना बखोटीला धरून निघून गेल्या. मावशी मला म्हणाल्या, "आजकाल लोकांना देवाधर्मात गोडी राहिली नाही."

अशा घरात रघू आला.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून परत आलो तेव्हा आमच्या बंद दारासमोर एक तरुण माणूस गाठोडं छातीशी धरून उभा होता. तिशीचा असेल. केस बारीक कापलेले, सदरा दुसऱ्या कुणाचा तरी.

"आत कुणी नाही का?" मी विचारलं.

"आहेत."

"मग?"

"दार बंद आहे."

"कडी नसते. ढकला."

त्यानं दाराकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. मी पुढं होऊन हात लावणार, तोच आतून मावशींचा आवाज आला. "माधव, तू उघडू नकोस. त्याला उघडू दे."

मीही उभा राहिलो. आतून फोडणीचा वास येत होता, माझ्या पोटात कावळे ओरडत होते, आणि आम्ही दोन जाणती माणसं एका बिनकडीच्या दारासमोर मुकाट्यानं उभी होतो. शेजारचे जोशी दोनदा डोकावून गेले. मग रघू हळूच मला म्हणाला, "सात वर्षांत एकदाही स्वतः दार उघडलं नाही. ते उघडायचे, मग जायचं. ते लावायचे, मग थांबायचं."

थोड्या वेळानं त्यानं उजव्या हाताचं एक बोट पुढं केलं आणि दाराला लावलं. दार उघडलं. तो दचकून मागं सरला. आत चुलीपाशी बसलेल्या मावशी मान न वळवता म्हणाल्या, "आता लाव. आणि पुन्हा उघड." त्यांनी त्याला असं कितीतरी वेळा करायला लावलं. शेवटी शेवटी त्याला हसू आलं, आणि मग त्यांनी त्याला पाट दिला.

रघू महाडकडचा. गिरणीत होता. चाळीतल्या नळावर पाण्यावरून भांडण झालं, यानं हातातली कळशी समोरच्याच्या डोक्यात घातली, आणि तो माणूस चार दिवसांनी गेला. हे त्यानंच मला सांगितलं, मी न विचारता. "तो काही वाईट माणूस नव्हता," तो म्हणाला. "त्याची बायको आजारी होती, म्हणून घाईत होता. मला ते नंतर कोर्टात कळलं." त्यानंतर तो कधी त्यावर बोलला नाही. पण नळावर मात्र तो सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर जायचा. कुणी 'आधी तू भर' म्हटलं तर बादली तिथंच ठेवून परत यायचा.

आतमध्ये तो सुतारकाम शिकला होता, आणि हात चांगला बसला होता. गावी भावांनी दार लावून घेतलं होतं. तेव्हा इथंच कामाला लावायचं ठरलं, आणि मावशींनी मला हुकूम केला, "तू शिकलेला दिसतोस. बरोबर चल. नुसता उभा राहा."

पहिल्या दिवशी आम्ही स्टेशनाजवळच्या लाकडाच्या वखारीत गेलो. शेटजी सज्जन होते. त्यांनी चहा मागवला. मावशींनी एक घोट घेतला आणि अख्ख्या वखारीला ऐकू जाईल असं सांगितलं, "याच्या हातून एक माणूस मेलाय. बाकी रंधा उत्तम मारतो."

शेटजींनी कप खाली ठेवला. त्यांची नजर आधी रघूवर गेली, मग माझ्यावर, मग जवळच पडलेल्या करवतीवर. त्यांनी पायानं ती करवत हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"आधी वाईट सांगावं," बाहेर पडल्यावर मावशींनी मला समजावलं. "मग पुढं जे दिसेल ते चांगलंच दिसतं."

पण पुढचं दिसेपर्यंत कुणी थांबतच नव्हतं. आठवडाभर आम्ही तिघं मुलुंडभर हिंडलो. शेवटी शेवटी ती काळी छत्री कोपऱ्यावर दिसली, की दुकानदार भरदुपारी दुकानाच्या फळ्या लावायला घ्यायचे. रघू दोन पावलं मागं चालायचा. मी एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, कामाला लागू दे, मग सावकाश सांगा. पहिल्याच वाक्यात कशाला?"

त्या भर रस्त्यात थांबल्या. "लपवलेलं जन्मभर सांभाळावं लागतं. सांगितलेलं एकदाच सांगून मोकळं होता येतं. त्याला मी काय सांभाळायला देऊ?"

एवढं बोलून त्या पुढच्या दुकानात शिरल्या.

याच सुमारास माझ्या लग्नाचं चाललं होतं. स्थळ अंधेरीचं होतं. मुलीचे वडील भास्करराव वैद्य रेल्वेत हेडक्लार्क होते, रीतीभातीला काटेकोर. मुलगी दाखवण्याआधी मुलाची चौकशी करावी, आणि ती न सांगता करावी, असा त्यांचा शिरस्ता. ते एका रविवारी मुलुंडला उतरले आणि स्टेशनसमोरच्या वाण्याला त्यांनी सहज विचारलं, "टिपणिसांकडे माधव म्हणून मुलगा राहतो, कसा आहे?"

वाणी स्वभावानं दयाळू होता. त्यानं तितक्याच दयाळूपणे सांगितलं, "टिपणीसबाईंकडे राहतो ना? मग सात-आठ वर्षं काढलेली असणार. पण मुलगा शांत आहे हो. कुणाला त्रास नाही."

"कुठं काढली?" भास्कररावांनी विचारलं.

"तुरुंगात, आणखी कुठं?" वाणी म्हणाला. "परवाच बाई दोघांना घेऊन कामासाठी दुकानोदुकानी फिरत होत्या. एकानं खून केलाय म्हणे. दोघांतल्या कुठल्यानं, ते आता नक्की ध्यानात नाही."

भास्करराव आमच्या दारात आले तेव्हा त्यांचा कोट घामानं भिजला होता. त्यांनी आत यायला नकार दिला. मी समोर गेलो, तर ते दोन पायऱ्या खाली उतरले. काय झालंय हे मला त्यांच्या अर्धवट वाक्यांतून कळेपर्यंत मावशी हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी माझी बाजू घेतली. त्यांनी माझी बाजू घेतली नसती तर फार बरं झालं असतं.

"अहो, हा कधीच आत गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "याच्यात आत जाण्याइतकी धमकच नाही. झुरळ दिसलं तर हा गणपतला हाक मारायचा."

"गणपत कोण?" भास्करराव म्हणाले.

मावशींनी सांगितलं. गणपतबद्दल त्या नेहमी सांगायच्या तसंच, मेव्हण्यापासून सुरुवात करून.

एवढ्यात रघू पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. भास्कररावांनी मान हलवली. "पाणी नको."

मावशी रघूकडे आणि मग भास्कररावांकडे पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली, ती मी ओळखली, पण फार उशिरा. "माधवला द्यायची नसेल तर राहू द्या," त्या म्हणाल्या. "याचा विचार करा. हाताला कसब आहे. भोगून झालंय. आणि माधवपेक्षा उंच आहे."

भास्करराव वळले आणि निघाले. त्यांची टोपी ओसरीच्या कठड्यावर राहिली होती. रघूच्या ते लक्षात आलं, आणि बिचाऱ्यानं टोपी उचलून "अहो, थांबा" म्हणत त्यांच्या मागं धाव घेतली. भास्कररावांनी मागं वळून पाहिलं. खुनी माणूस आपल्या मागं धावत येतोय एवढंच त्यांना दिसलं. रेल्वेतला काटेकोर हेडक्लार्क धोतराचा सोगा हातात धरून मुलुंडच्या रस्त्यानं पळताना ज्यांनी पाहिला, त्यांनी तो पुढं कित्येक वर्षं एकमेकांना सांगितला. जोशी तर गच्चीवर जाऊन बघत होते.

रघू थोड्या वेळानं परत आला. टोपी त्याच्या हातातच होती. त्यानं ती झटकून खुंटीला नीट अडकवली आणि म्हणाला, "मी हाक मारायला नको होती." मग मागच्या अंगणात जाऊन बसला.

मी आधी रागानं आणि मग हसू येऊन काहीबाही बोलत होतो. मावशींचं लक्ष नव्हतं. त्या ओसरीवर बसून राहिल्या होत्या. त्या घरात धक्के बसायचे ते आम्हाला. खुद्द मावशींना धक्का बसलेला मी त्याच दिवशी पाहिला.

"माधव," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका खाली होता की मला जवळ जावं लागलं. "तू तर काहीच केलं नव्हतंस रे."

"नव्हतंच."

"नुसता माझ्याबरोबर चालत होतास."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी मनाला लावून घेऊ नका म्हटलं, तर "मी मनाला नाही लावत, डोक्याला लावतेय," एवढंच म्हणाल्या.

माझ्यापुरतं सांगायचं तर त्या टोपीनंच माझं भलं केलं. पुढच्या रविवारी मी ती परत द्यायला अंधेरीला गेलो. दार त्यांच्या मुलीनं, कुसुमनं उघडलं. तिनं टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीच का ते, बाबांच्या मागं धावलेले?"

"नाही. तो दुसरा."

"मग तुम्ही काय करत होतात?"

"मी दारात उभा होतो."

ती तोंडाला पदर लावून जी हसली, ती आतून भास्करराव खोकले तरी थांबली नाही. लग्न तिथंच ठरलं. भास्कररावांच्या ते लक्षात यायला बराच काळ गेला, इतकंच. मावशींनी लग्नाला येतो म्हटलं आणि ऐन वेळी गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

त्याच्या आधीच रघूची सोय झाली होती. एका सकाळी मावशी मला न घेता, रघूलाही न घेता, एकट्याच अंधेरीला जाऊन आल्या. तिथं एका फर्निचरवाल्याला त्यांनी आतल्या खोलीत बसवून सगळं सांगितलं. या खेपेला हळू आवाजात सांगितलं असावं, कारण तो हो म्हणाला. रघू गेला. जाताना तो पाया पडला तेव्हा मावशी त्याच्याशी दार लोटून काहीतरी बोलल्या. काय ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मावशी बदलल्या. लोकांना वाटलं, वय झालं. ओळखी करून देणं बंद झालं. सत्यनारायण घरातल्या घरात व्हायला लागला. ठाण्याहून नवीन माणूस आणायचा तर त्या पुढं चालायच्या आणि तो बराच अंतर ठेवून मागून यायचा. मी एकदा स्टेशनवर पाहिलं, तर दोघं फलाटाच्या दोन टोकांना उभे. मला वाटलं, भांडण झालं असेल.

लग्नानंतर मी अंधेरीलाच बिऱ्हाड केलं. कामधंद्यात मुलुंडच्या फेऱ्या कमी झाल्या. आमच्या मुलाचं बारसं झाल्यावर, पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर, मावशी एका दुपारी आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, कुसुमला चार गोष्टी सुनावल्या आणि मग म्हणाल्या, "भाजी काय आहे घरात? काहीच नाही? चल माधव, बाजार दाखव तुझा."

अंधेरीचा बाजार तेव्हा एवढा फुगलेला नव्हता. आम्ही वांगी बघत उभे होतो आणि समोरून रघू आला. मी त्याला लगेच ओळखलं. अंगानं भरला होता, इस्त्रीचा सदरा होता. बरोबर हिरव्या लुगड्यातली बायको होती, आणि त्याच्या कडेवर लहान मुलगी. आमच्यापासून हातभर अंतरावरून तो गेला. त्याची नजर माझ्या नजरेला भिडली, मावशींच्या छत्रीवरून गेली, आणि तो सरळ पुढं निघून गेला. पाऊलसुद्धा अडखळलं नाही.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तर मावशींनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हडकुळ्या बोटांत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"सोडा मावशी. तुमच्या हातचं जेवलेला माणूस. निदान नमस्कार तरी."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. सगळ्या मुलुंडला ऐकू जाणारी ती बाई मला हळू बोल म्हणत होती. "मीच सांगितलंय त्याला."

"काय सांगितलंय?"

"माझ्या घरातून बाहेर पडलास की मी तुझी कुणी नाही. रस्त्यात दिसले तर ओळख द्यायची नाही. सगळ्यांनाच सांगते हल्ली, आधी गेलेल्यांनाही निरोप धाडलाय." त्यांनी एक वांगं उचलून देठाकडून पाहिलं. "तू नुसता माझ्याबरोबर चाललास तर तुला लोकांनी सात वर्षं दिली. मग यांचं काय होत असेल? त्याच्या बायकोला सगळं ठाऊक आहे, ती अट मी आधी घातली होती. पण तिच्या माहेरचे ठाण्याचे. ठाण्यात मला कोण ओळखत नाही? मी त्याच्याशी दोन शब्द बोलले, की त्याची सजा पुन्हा पहिल्यापासून सुरू."

मी एवढंच विचारलं, "कुणीच येत नाही?"

"येऊन कसं चालेल?" त्या म्हणाल्या. "गणपत परवा ठाण्याला दिसला. हा असा जवळून गेला. एक शब्द नाही बोलला. फार गुणाचा आहे." मुलाला चांगले मार्क पडल्यावर आई बोलते, तसा त्यांचा सूर होता.

मग त्या बराच वेळ वांगी निवडत राहिल्या. निवडलेली पुन्हा टोपलीत टाकत होत्या. भाजीवालीनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माधव," त्या म्हणाल्या, "मुलगी कशी होती रे?"

"तुम्ही नाही पाहिलीत?"

"मी वर बघितलं असतं तर मला हसू आलं असतं. मग झालंच. मी वांग्यांकडे बघत होते. तू पाहिलीस ना?"

मी पाहिली नव्हती. रागाच्या भरात मी फक्त रघूकडे पाहिलं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि निघालो. बाजार संपतो तिथं मी त्यांना गाठलं, पुढं गेलो आणि केळीवाल्यापाशी भाव विचारत उभा राहिलो. मुलीचं तोंड बापाच्या खांद्यावर होतं. मला नुसते केस दिसत होते. रघूनं मला पाहिलं. काय चाललंय ते त्याला क्षणात कळलं असावं. तो तिथंच थांबला, बायकोला म्हणाला, "जरा केळी घेऊ या," आणि त्यानं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग तिची हनुवटी धरून तिचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि पुरेसा वेळ तसाच धरून ठेवला. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

मी परत आलो तेव्हा मावशी तिथंच होत्या. मान खाली.

"सावळी आहे," मी म्हटलं. "कपाळ मोठं. नाक रघूचं. कानात डूल आहेत."

"केस?"

"कुरळे. आईनं तेल लावून चापून बसवलेत, पण सुटलेत."

"दात?"

"पुढचे दोन आलेत. हसली तेव्हा दिसले."

"हसली?" मावशींनी विचारलं. "कुणाकडे बघून?"

"माझ्याकडे."

त्या वांग्यांवरून हात फिरवत राहिल्या.

"मग तू काय केलंस?"

"मीही हसलो."

"बरं केलंस," मावशी म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांग. सावळी म्हणजे किती सावळी?"